उड्डाण सदृशीकरण, घरगुती

घरातील संगणकावर विमानाचे उड्डाण, त्यातील उपकरणांचे वाचन, हवामान व भूप्रदेश यांची गणिती प्रतिकृती निर्माण करून तीत विमान चालविण्याचा अनुभव घेणे, याला घरगुती उड्डाण सदृशीकरण म्हणतात. त्यासाठी वापरण्यात येणाऱ्या आज्ञावलीत विमानाचे वजन, गुरुत्वमध्य, पंखांवरील उत्थापक प्रेरणा, इंजिनाची शक्ती आणि हवेची घनता यांचे संबंध समीकरणांच्या रूपाने मांडलेले असतात आणि संगणक ती समीकरणे दर सेकंदाला अनेक वेळा सोडवून पडद्यावरील दृश्य बदलत राहतो. उड्डाण चालू असताना उद्‌भवणाऱ्या बिघाडांचे निदान आणि उड्डाणापूर्वीचे भारनियोजन हे या छंदाचे दोन महत्त्वाचे भाग होत. ते सामान्यतः वेगवेगळे समजले जातात. तथापि हवेत प्रत्ययास येणाऱ्या बिघाडांपैकी बऱ्याच बिघाडांचे मूळ जमिनीवर केलेल्या, अथवा न केलेल्या, भारनियोजनात आढळते. [⟶ सदृशीकरण].

इतिहास : वैमानिकाला जमिनीवरच उड्डाणाचे शिक्षण देण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातील भाते व झडपा वापरून डोलणारा प्रशिक्षक-कक्ष तयार केला. प्रारंभी जत्रेतील करमणूक म्हणूनच त्याच्याकडे पाहिले गेले. १९३४ मध्ये अमेरिकन सेनेच्या हवाई दलाकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले आणि खराब हवामानात केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नसलेले अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर सेनेने ही यंत्रे विकत घेतली व दुसऱ्या महायुद्धात त्यांचा फार मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला. घरगुती संगणकासाठी ब्रूस आर्टविक यांनी १९७९-८० च्या सुमारास पहिली यशस्वी आज्ञावली रचली व तिच्यातूनच १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे फ्लाइट सिम्युलेटर निर्माण झाले. ऑस्टिन मेयर यांची एक्स-प्लेन ही आज्ञावली व सर्वांना विनामूल्य उपलब्ध असलेली फ्लाइटगिअर या दोन्ही १९९० नंतरच्या दशकातील होत. मायक्रोसॉफ्टच्या आज्ञावलीची २०२० मधील आवृत्ती उपग्रहांनी व विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून सर्व पृथ्वीचा भूप्रदेश उभा करते. त्यामुळे लहानसहान धावपट्ट्याही घरबसल्या वापरता येऊ लागल्या.

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी ही अशा धावपट्ट्यांपैकी एक. गोंदिया शहराच्या ईशान्येस सुमारे १२ किमी. अंतरावरील ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. २००५ च्या अखेरीस ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. पुढे प्राधिकरण आणि सदृशीकारके बनविणारी कॅनडातील सीएई ही कंपनी यांच्या संयुक्त उपक्रमातून येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. रायबरेलीजवळील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीचे उड्डाणवर्गही येथे भरले आहेत. हिवाळ्यात उत्तर प्रदेशात दाट धुके असते, गोंदियात ते क्वचितच अडचण करते. डायमंड कंपनीचे डीए-४० हे चार आसनी विमान या प्रशिक्षणात वापरले गेले आणि त्याच कुळातील डीए-४० एनजी हे विमान मायक्रोसॉफ्टच्या २०२० मधील आवृत्तीत अंतर्भूत आहे. म्हणून बिरसीच्या परिसराचे उदाहरण पुढील विवेचनात मुख्यतः घेतले आहे.

भारनियोजन : विमानाचे एकूण वजन ठरावीक कमाल मर्यादेच्या आत असले पाहिजे आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढील व मागील अशा दोन सीमांच्या दरम्यान पडला पाहिजे, या त्याच्या दोन अटी होत. प्रत्येक भाराचे संदर्भपातळीपासूनचे अंतर म्हणजे भुजा. वजन व भुजा यांचा गुणाकार म्हणजे परिबल. सर्व परिबलांच्या बेरजेस एकूण वजनाने भागले असता गुरुत्वमध्याचे स्थान मिळते. सेस्ना १७२ एस या बहुतेक सर्व आज्ञावलींत आढळणाऱ्या विमानात इंजिन व कक्ष यांमधील अग्निरोधक भिंत ही संदर्भपातळी मानतात. त्याचे कमाल उड्डाण-वजन १,१५७ किग्रॅ. असून त्या वजनास गुरुत्वमध्य संदर्भपातळीच्या मागे १.०४ मी. ते १.२० मी. यांच्या दरम्यान असावा लागतो. चार प्रौढ व्यक्ती, थोडे सामान आणि भरलेल्या टाक्या घेऊन निघालेल्या विमानाचा हिशेब असा होतो :

| घटक | वजन (किग्रॅ.) | भुजा (मी.) | परिबल (किग्रॅ.-मी.) |
|---|---|---|---|
| रिकामे विमान | ७६० | १.०२ | ७७५.२ |
| पुढील दोन व्यक्ती | १५० | ०.९४ | १४१.० |
| मागील दोन व्यक्ती | १४० | १.८५ | २५९.० |
| सामान | ३० | २.४१ | ७२.३ |
| इंधन (२०० लि.) | १४४ | १.२२ | १७५.७ |
| एकूण | १,२२४ | | १,४२३.२ |

गुरुत्वमध्य १.१६ मी. वर, म्हणजे सीमांच्या आत आहे. परंतु वजन ६७ किग्रॅ. नी जास्त आहे. चार आसनांचे विमान चार माणसे व भरलेल्या टाक्या घेऊन उडू शकतेच असे नाही, ही गोष्ट नवशिक्यास चमत्कारिक वाटते. प्रत्यक्षात विमान तेथेच थांबविले जाते. संगणक मात्र फार तर आकडा तांबड्या रंगात दाखवितो आणि विमान उडू देतो. इंधन कमी करून वजन मर्यादेत आणले, तर ७७ किग्रॅ., म्हणजे सुमारे १०७ लि. इंधन उरते. हे इंजिन समतल उड्डाणात तासाला सुमारे ३४ लि. इंधन वापरते. म्हणजे टाक्या कोरड्या होण्यास ३ तास ९ मिनिटे लागतील आणि ४५ मिनिटांचा राखीव साठा वगळता उपयोगी वेळ २ तास २४ मिनिटे राहील. ताशी २०० किमी. वेगाने एवढ्या वेळात ४८० किमी. अंतर जाते.

बिरसी ते पुणे हे सरळ अंतर सुमारे ७४० किमी. आहे. हा हिशेब न करता निघालेल्या खेळाडूचे इंजिन अहिल्यानगरच्या आसपास बंद पडते आणि तो त्या वेळी इंजिनाचा बिघाड शोधू लागतो. बिघाड इंजिनात नसून बिरसीत भरलेल्या आकड्यांत असतो. यावर उपाय म्हणजे अकोल्याजवळील शिवणीच्या धावपट्टीवर उतरून इंधन घेणे. बिरसी ते शिवणी सुमारे ३५० किमी. व तेथून पुणे सुमारे ४०५ किमी. असे दोन्ही टप्पे मर्यादेत बसतात. तथापि समोरून ताशी ४० किमी. वारा असेल, आणि पावसाळ्यात पश्चिमेकडे जाताना तो बहुधा असतोच, तर त्याच वेळात विमान ३८४ किमी. एवढेच जाईल व दुसरा टप्पा राखीव साठ्यास हात घातल्याशिवाय पुरा होणार नाही. यांखेरीज धावपट्टीवर जाण्यास व चढाईस लागणारे जादा इंधन वरील हिशेबात धरलेले नाही, हे लक्षात ठेवावयास हवे.

वजन मर्यादेत असूनही भारनियोजन चुकू शकते. वरील विमानातच ६० किग्रॅ. वजनाचा वैमानिक पुढे एकटा, मागे १७० किग्रॅ. च्या दोन व्यक्ती, ५४ किग्रॅ. सामान आणि ३० किग्रॅ. इंधन अशी मांडणी केल्यास एकूण वजन १,०७४ किग्रॅ., म्हणजे मर्यादेपेक्षा ८३ किग्रॅ. नी कमी भरते. पण गुरुत्वमध्य १.२२ मी. वर, मागील सीमेच्या बाहेर पडतो. अशा विमानाचे नाक आपोआप वर उचलले जाते, दांड्याला थोडा स्पर्श होताच ते जोराने हलते आणि अवपात झाल्यास, म्हणजे पंखांवरील हवेचा प्रवाह तुटून उत्थापक प्रेरणा नाहीशी झाल्यास, नाक खाली आणणे कठीण वा अशक्य होते. मागील एका व्यक्तीस पुढच्या आसनावर बसविल्याने गुरुत्वमध्य १.१५ मी. वर येतो, वजनात एका किग्रॅ. चाही फरक करावा लागत नाही. याउलट गुरुत्वमध्य फार पुढे असल्यास उतरताना नाक वर घेता येत नाही. ‘दांडा ओढूनही विमान ऐकत नाही’ या तक्रारीचे निदान करताना जॉयस्टिक तपासण्याच्या आधी भाराचे पान उघडून पाहणे श्रेयस्कर ठरते.

एककांची गफलत हे चुकीचे आणखी एक उगमस्थान. आज्ञावलीत इंधन कधी गॅलनांत, कधी पौंडांत, तर कधी टक्क्यांत भरावे लागते. सेस्नाच्या पेट्रोलची घनता लिटरला सुमारे ०.७२ किग्रॅ., तर डीए-४० एनजी ज्यावर चालते त्या जेट इंधनाची सुमारे ०.८ किग्रॅ. असते. ही गफलत केवळ हौशी लोकांची नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात किलोग्रॅमऐवजी पौंडांचा गुणक वापरून इंधन मोजले गेल्याने आवश्यकतेच्या निम्म्याहून कमी इंधन भरले गेले, दोन्ही इंजिने हवेतच बंद पडली आणि वैमानिकांनी ते प्रचंड विमान तरंगत गिमली येथील जुन्या विमानतळावर उतरविले. मोठ्या प्रवासी विमानांच्या सदृशीकरणात इंधनाविना वजन, उड्डाण-वजन व उतरतानाचे वजन या तीन मर्यादा वेगवेगळ्या पाळाव्या लागतात. तत्त्व मात्र तेच.

उष्ण हवेचा परिणाम : बिरसीची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३०० मी. आहे. मे महिन्यात पूर्व विदर्भात तापमान ४५° से. च्या घरात जाते. प्रमाणित वातावरणात या उंचीवर ते १३° से. असावे. हा ३२ अंशांचा फरक हिशेबात घेतल्यास हवेची घनता सुमारे १,४७५ मी. उंचीवरील हवेइतकी विरळ ठरते. म्हणजे विमान आणि इंजिन यांच्या दृष्टीने गोंदिया दुपारी महाबळेश्वरपेक्षाही उंचावर जाते. पंखांना कमी उत्थापन मिळते, इंजिनाची शक्ती घटते आणि धावपट्टीवरील धाव तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक वाढते. बिरसीची धावपट्टी सुमारे २,३०० मी. लांब असल्याने ही उणीव तेथे झाकली जाते आणि चढाईत उघड होते. आखूड धावपट्टीवर ती झाडांच्या शेंड्यांशी उघड होईल. घरगुती खेळाडू बहुधा तयार ‘स्वच्छ हवामान’ निवडतो व त्यात तापमान प्रमाणित असते. त्यामुळे भर उन्हाळ्यातील विदर्भ त्याच्या पडद्यावर कधी येतच नाही. त्याने तापमान स्वतः भरल्यास वा प्रत्यक्ष हवामान जोडल्यास इंजिन ‘अशक्त’ झाल्याचा भास होतो. तो भास नसून गणित बरोबर असल्याचे लक्षण आहे.

बिघाडांचे निदान : हवेत काही बिनसले म्हणजे तीन शक्यता असतात : संगणकाचा वा जोडलेल्या साधनांचा दोष, खेळाडूने केलेली चुकीची मांडणी, आणि आज्ञावलीने मुद्दाम घडविलेला बिघाड. त्यांतील भेद प्रथम ओळखावा लागतो. दृश्य अडखळत असेल, विमान एकाच बाजूस संथपणे झुकत असेल अथवा हात न लावता शक्तिनियंत्रकाचा काटा थरथरत असेल, तर दोष बहुधा संगणकात वा झिजलेल्या जॉयस्टिकमध्ये असतो. साधने सोडून दिली असता पडद्यावरील दांडा मध्यावर स्थिर राहतो की नाही हे पाहिल्यास त्याची खातरजमा होते. काळाची गती वाढवून स्वयंचलित चालन चालू ठेवल्यास विमान हेलकावे खाऊ लागते, हाही गणनेचाच दोष होय. शंका उरल्यास तेच विमान, तोच भार व तेच हवामान घेऊन उड्डाण पुन्हा करावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्यास दोष गेलेला कळतो, कोणता होता ते कळत नाही.

मांडणीच्या चुकांपैकी इंधनाच्या मार्गाची चूक सर्वांत फसवी आहे. डीए-४० एनजी विमानात डावी टाकी मुख्य व उजवी साहाय्यक असते. साहाय्यक टाकीतील इंधन विद्युत् पंपाने मुख्य टाकीत घ्यावे लागते. ते न घेतल्यास उजवी टाकी भरलेली असूनही इंजिन बंद पडते. सेस्नावर शिकून या विमानाकडे वळलेल्यास हा आज्ञावलीचा दोष वाटतो. उंचीवर गेल्यावर इंधन व हवा यांचे मिश्रण विरळ न करणे, उच्चतामापकावर त्या ठिकाणचा दाब न लावणे (एका हेक्टोपास्कलच्या चुकीने सुमारे ८ मी. फरक पडतो), या चुकाही वारंवार होतात. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या विमानात दमट हवेत, तापमान २०° से. असतानाही, कार्ब्युरेटरच्या नळीत बर्फ साचून इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात. तप्त हवेचा खटका ओढल्यावर इंजिन प्रथम अधिकच खडखडते व मग सुधारते. त्या पहिल्या खडखडाटाला भिऊन खटका परत ढकलणे ही हमखास घडणारी चूक आहे.

मुद्दाम घडविलेल्या बिघाडांची सोय एक्स-प्लेनमध्ये विशेष विस्तृत आहे. ठरावीक वेळी, ठरावीक उंचीवर किंवा सरासरी कालावधी देऊन यादृच्छिकपणे एखादा भाग निकामी करता येतो. त्यांपैकी उपकरणांचे बिघाड सर्वांत बोधप्रद असतात, कारण ते कबूल करीत नाहीत. इंजिन बंद पडले की शांतता पसरते; पिटो नळी व तिचे निचरा-छिद्र बुजले तर वेगमापक चालूच राहतो, मात्र तो उच्चतामापकासारखा वागतो. विमान वर चढते तसा तो वाढता वेग दाखवितो. वैमानिक वेग कमी करण्यासाठी नाक आणखी वर घेतो आणि अवपात ओढवतो. स्थितिक दाबाचे छिद्र बुजल्यास उच्चतामापक आहे त्याच आकड्यावर थांबतो व चढ-उतार दर्शक शून्यावर येतो. निर्वात पंप निकामी झाल्यास त्यावर चालणारे क्षितिजदर्शक व दिशादर्शक ही दोन्ही घूर्णी-उपकरणे हळूहळू कलंडतात, परंतु विजेवर चालणारा वळणदर्शक बरोबर असतो. [⟶ घूर्णी]. म्हणून कोणते उपकरण कशावर चालते हे ज्यास पाठ आहे तोच दोन विसंगत वाचनांतून खरे कोणते ते ठरवू शकतो. स्वयंचलित चालन या वेळी मदतीपेक्षा अपाय अधिक करते. शक्ती घटत असताना ते उंची टिकविण्यासाठी नाक वर घेत राहते आणि वेग संपेपर्यंत कसलीच चाहूल लागू देत नाही.

इंजिन बंद पडल्यास प्रथम सर्वांत लांब तरंगण्याचा वेग, सेस्नात ताशी सुमारे १२६ किमी., साधावयाचा, मग उतरण्याची जागा निवडावयाची, आणि त्यानंतर इंधनाची झडप, टाकीची निवड, साहाय्यक पंप, मिश्रण व प्रज्वलन या क्रमाने कारण शोधावयाचे. जमिनीपासून ९०० मी. उंचीवरून हे विमान वारा नसताना सुमारे ८ किमी. तरंगत जाते. हा क्रम उलटा करण्याचा मोह संगणकापुढे फार होतो, कारण तेथे उड्डाण क्षणभर गोठविता येते. पहिल्या एक-दोन खेपांस ती सोय उपकारक आहे. पुढे ती वापरू नये. बिघाडाची निवड स्वतः न करता दुसऱ्या कोणाकडून करवून घेणेही अधिक उपयुक्त असते, कारण स्वतः ठरविलेल्या बिघाडाचे निदान खेळाडूला आधीच ठाऊक असते.

मर्यादा : पडद्यावर वैनगंगेच्या खोऱ्यातील भातशेती सपाट हिरव्या पटासारखी दिसते व इंजिन बंद पडलेले विमान तीवर अलगद उतरते. वास्तविक त्या शेतांतील बांध्यांना धुरे असतात, पावसाळ्यात त्यांत गुडघाभर चिखल असतो व चाक रुतताच विमान नाकावर उलटते. उपग्रह-छायाचित्रावर रंग उमटतो. धुऱ्याची उंची व चिखलाची खोली उमटत नाहीत. विजेच्या व इतर तारांचेही तसेच आहे. २६ एप्रिल २०१७ रोजी बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवर वैनगंगेवरून आडव्या गेलेल्या तारेस धडकून नदीपात्रात कोसळले आणि त्यातील प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी या दोघांचाही मृत्यू झाला. संगणकावर नदीवरून कमी उंचीने उडणे हा लोकप्रिय खेळ आहे. त्या नदीवर तार बहुधा नसते. याशिवाय प्रवेगाचा शरीरावरील दाब, अंतर्कर्णाने दिलेली दिशाभूल आणि भीती यांचे सदृशीकरण घरी होत नाही. ढगात शिरलेल्या वैमानिकास फसविणारी संवेदना खुर्चीत स्थिर बसलेल्यास जाणवतच नाही.

या कारणांमुळे घरगुती संगणकावरील तास वैमानिकाच्या अनुज्ञप्तीसाठी धरले जात नाहीत. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेलीच साधने लागतात. प्रशिक्षणार्थी मात्र उपकरणांचा क्रम, तपासणी-यादी आणि भाराचा हिशेब घरी घोटतात, आणि या तिन्ही गोष्टी घरी शिकल्या तरी पुसाव्या लागत नाहीत. विमानाचा दांडा हाताळण्याची सवय बहुधा नव्याने लावावी लागते. केवळ पडद्याकडे पाहण्याची खोड लागलेला विद्यार्थी खिडकीबाहेर पाहत नाही, आणि ती मोडण्यास प्रशिक्षकाला पहिल्या काही उड्डाणांत उपकरणे झाकून ठेवावी लागतात.